कॉम्प्युटरचं बिऱ्हाड हलवताना

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही पडेगावच्या बचत गटांतल्या बाया बोलतोय. आज विषय आहे कॉम्प्युटरच्या आतली छोटी डिस्क काढून मोठी बसवण्याचा, आणि तेही आतलं काही न पुसता. "हा तर पोरांचा विषय, आपल्याला काय करायचंय," असं म्हणून उठू नका. विषय कॉम्प्युटरचा दिसत असला तरी आहे तो आपल्या हिशोबाचा. शक्य असेल तर वही-पेन घेऊन बसा, मधे मधे चार गोष्टी टिपून घ्यायला सांगणार आहोत.

आमच्याकडच्या काही गटांनी मिळून एक खोली भाड्यानं घेतली आहे. तिथं एक जुना, वापरलेला कॉम्प्युटर आहे. त्यात गटांचे हिशोब, बैठकीचे ठराव, बँकेचे अर्ज, सभासदांच्या कागदांचे स्कॅन, मसाल्याच्या आणि शेवयांच्या पाकिटांची लेबलं, असं सगळं साठत गेलं. उन्हाळ्यात तो इतका मंद झाला की बटण दाबून चहा ठेवावा, चहा पिऊन कप विसळून यावं, तेव्हा कुठं पडद्यावर काही दिसायचं. 'सी ड्राइव्ह'ची पट्टी लाल झाली होती. लाल पट्टी म्हणजे घर भरलं, आता पाय ठेवायला जागा नाही. आम्ही तिकडं दुर्लक्ष केलं. मग एक दिवस हिशोबाची फाईल सेव्हच होईना. आणि नेमकी तेव्हाच बँकेनं कर्जासाठी मागच्या तीन वर्षांचे हिशोब मागितले होते.

दुरुस्तीवाल्या दादांना बोलावलं. ते म्हणाले, "फॉरमॅट मारावा लागेल ताई, सगळं नव्यानं टाकून देतो." हा शब्द आम्ही आधी एकदा ऐकलेला होता. काही वर्षांपूर्वी असाच एक कॉम्प्युटर फॉरमॅट करून आणला होता. तेव्हा त्या दादांनी विचारलंही होतं, "आत काही कामाचं आहे का?" आम्ही म्हटलं, "नसेल काही." कॉम्प्युटर चकचकीत होऊन आला, आणि वर्षभराचे ठराव आणि मेळाव्याचे फोटो कायमचे गेले. दोष त्या माणसाचा नव्हता. आपल्या घरात काय आहे हे आपल्यालाच ठाऊक नव्हतं.

या वेळी आमच्या थोरल्या आक्का उठून कॉम्प्युटरसमोरच जाऊन बसल्या. त्यांचं कारण सांगतो. आक्कांनी शिलाई मशीनसाठी गटाकडून कर्ज घेतलं होतं आणि वेळेवर फेडलं होतं. पण त्या वर्षीची कागदाची वही पावसात छत गळून भिजली, शाई पसरली. आक्कांची फेड कुठं लिहिलेली राहिली असेल तर ती त्या कॉम्प्युटरात. आक्कांना वाचता येत नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "माझा अंगठा हाय त्यात. पुसायचं म्हणाल तर आधी मला उत्तर द्या."

उत्तर दिलं ते आमच्यातल्या एकीच्या लेकीनं. ती आयटीआयला कोपाचा ट्रेड शिकते. ती म्हणाली, "आक्का, काहीच पुसायचं नाही. मोठी डिस्क आणू आणि आतलं बिऱ्हाड जसंच्या तसं तिच्यावर हलवू." मग तिनं आम्हाला आधी समजावलं आणि नंतर आमच्याच हातानं करून घेतलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

आधी हे समजून घेऊ की डिस्कवर असतं काय. दोन गोष्टी असतात. एक म्हणजे आपलं सामान: हिशोब, फोटो, पत्रं. दुसरी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, जसं विंडोज. ही घरातली कर्ती बाई. कुठल्या डब्यात काय आहे, कोणाला काय लागतं, हे तिला ठाऊक. पडदा, माउस, प्रिंटर, सगळे तिच्या सांगण्यावर चालतात. सामानाच्या फाईली नुसत्या कॉपी करून नव्या डिस्कवर टाकल्या, तर गोण्या नव्या घरी गेल्या पण कर्ती बाई जुन्याच घरी राहिली. त्या डिस्कवर कॉम्प्युटर सुरूच होणार नाही. शिवाय सुरू होण्याची किल्ली डिस्कच्या एका लपलेल्या भागात असते, तो नेहमी डोळ्यांना दिसत नाही. म्हणून सगळं एकत्र, जागच्या जागी, लपलेल्या भागासकट उचलावं लागतं. याला 'क्लोन' करणं म्हणतात. रोप मुळाभोवतीच्या मातीसकट उचलतो ना, तसंच.

ही डिस्क नावाची वस्तू फार जुनी नाही. पहिली हार्ड डिस्क १९५६ साली आयबीएम कंपनीनं आणली. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, कपाटाएवढं धूड ते, आणि त्यात मावत होती फक्त ५० लाख अक्षरं. आज मोबाईलवर काढलेला एक चांगला फोटो साधारण तेवढी जागा खातो. म्हणजे आपला कॉम्प्युटर का भरतो, हे तुमच्या लक्षात आलं असेल. हिशोबानं तो कधीच भरत नाही, भरतो तो फोटो, व्हिडिओ आणि स्कॅननं.

आता एक आमच्या गावाकडची गोष्ट. पडेगावातून नाशिकच्या रस्त्याला लागलं की मिटमिटा, शरणापूर आणि पुढे दौलताबादचा किल्ला. १३२७ साली महंमद तुघलकानं दिल्लीची राजधानी या देवगिरीवर आणली आणि तिचं नाव दौलताबाद ठेवलं. हुकूम सुटला, लोकांची वाटेत परवड झाली, आणि काही वर्षांतच पुन्हा दिल्लीकडं परतायची पाळी आली. म्हणून आपण अजून 'तुघलकी कारभार' म्हणतो. बिऱ्हाड हलवणं वाईट नाही. पण नवं घर नांदतं झालेलं डोळ्यांनी बघेपर्यंत जुनं मोडायचं नाही. आज आमच्या बोलण्यातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

आता तयारी. ही लिहून घ्या.

पहिलं काम, गटाच्या कामाच्या फाईलींची वेगळी प्रत काढायची. क्लोन करायचंच आहे, मग प्रत कशाला, असं आम्हालाही वाटलं होतं. पण हलवताना गडबड झाली तर हाती काय उरेल? आम्ही हिशोब, ठराव आणि कर्जाच्या नोंदी पेनड्राइव्हवर घेतल्या आणि तो पेनड्राइव्ह दुसऱ्या एका कॉम्प्युटरला लावून फाईली उघडून बघितल्या. उघडून बघितली नाही ती प्रत धरू नका. प्रत आहे असं वाटणं आणि प्रत असणं यात फार अंतर आहे.

दुसरं काम, जुनी डिस्क धड आहे का ते बघायचं. ती टक-टक आवाज करत असेल, फाईली उघडताना मधेच अडकत असेल, तर ती आजारी आहे. अशा डिस्कवर रोजचं काम थांबवा, आधी कामाच्या फाईली काढून घ्या आणि जाणकाराला दाखवा. आमची डिस्क भरलेली होती, पण धड होती.

तिसरं काम, झाडलोट. क्लोन म्हणजे जसंच्या तसं. घाणही तशीच जाते, व्हायरस असेल तर तोही नव्या घरी जातो. म्हणून व्हायरसची तपासणी केली, रिसायकल बिन रिकामं केलं, कोणीतरी उतरवलेले सिनेमे काढले. कोणी ते विचारू नका.

चौथं काम, कुलूप आहे का ते बघायचं. काही कॉम्प्युटरांत 'बिटलॉकर' नावाचं कुलूप डिस्कला लावलेलं असतं. त्याची लांबलचक किल्ली आधी कागदावर उतरवून घ्यावी लागते आणि हलवण्यापुरतं ते कुलूप उघडं ठेवावं लागतं. काही हिशोबाच्या आणि मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा परवानाही यंत्राशी बांधलेला असतो. तो पुन्हा चालू कसा करायचा, हे ज्यांच्याकडून घेतलं त्यांना आधीच विचारा. विंडोजचा परवाना मात्र बहुतेक वेळा कॉम्प्युटरच्या मुख्य पाटीशी, म्हणजे मदरबोर्डशी जोडलेला असतो. नुसती डिस्क बदलल्यानं तो सहसा जात नाही.

पाचवं काम, खरेदी. आमची जुनी डिस्क १६० जीबीची. नवी आम्ही ५०० जीबीची एसएसडी घेतली. एसएसडीत फिरणाऱ्या तबकड्या नसतात, म्हणून ती जुन्या हार्ड डिस्कपेक्षा बरीच वेगवान असते. दुकानात जाताना जुन्या डिस्कचा आणि तिच्या वायरीचा फोटो मोबाईलमध्ये घेऊन जा. एसएसडी वेगवेगळ्या आकारांच्या येतात. आमच्या जुन्या यंत्राला अडीच इंची, साटा वायरीची लागली. दोन-तीन दुकानांत भाव विचारा, वॉरंटीचं बिल घ्या, आणि डिस्क यूएसबीला जोडायची छोटी केबलही घ्या. घरी आल्यावर ५०० जीबीची डिस्क कॉम्प्युटरात ४६५ दिसेल. "फसवलं" म्हणून भांडायला जाऊ नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच फरक. आम्ही भांडायला निघालो होतो, म्हणून सांगतो.

आता हलवण्याचा दिवस. आम्ही सकाळची वेळ धरली आणि त्या दिवशी महावितरणचं काम नाही ना, हे आधी विचारून घेतलं. छोटा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं तग धरतो, हे काम त्याहून लांबतं.

क्लोन करण्यासाठी बऱ्याच एसएसडी कंपन्या स्वतःचं सॉफ्टवेअर फुकट देतात. आम्ही 'क्लोनझिला' वापरलं. तेही फुकट आहे, तैवानच्या एका सरकारी संगणक केंद्रात तयार झालेलं. ते पेनड्राइव्हवर घालून कॉम्प्युटर त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. त्यासाठी चालू होताना एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप, कंपनीप्रमाणे एखादी कळ दाबावी लागते. त्याआधी विंडोज पूर्ण बंद करायचं. साध्या 'शट डाउन'नं ते कधी कधी अर्धवट झोपतं. शिफ्टची कळ दाबून धरून शट डाउन केलं की पूर्ण बंद होतं.

आणि आता सगळ्यात नाजूक जागा. सॉफ्टवेअर विचारतं, कुठून उचलायचं आणि कुठं ठेवायचं? इथं उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सगळं पुसलं जातं. सगळ्या कामात जीव जाण्याची जागा म्हणाल तर ही एकच. पडद्यावर इंग्रजी अक्षरं होती, पण आकडे तर सगळ्यांना कळतात. 'उचलायचं' यासमोर १६० आणि 'ठेवायचं' यासमोर ५००. लेकीनं आक्कांना पुढं बसवलं आणि म्हणाली, "आक्का, लहान आकडा कुठं हाय ते बोट ठेवून दाखवा." आक्कांनी पैशांच्या नोटा मोजून आकडे ओळखायला शिकलेलं. त्यांनी बोट ठेवलं. मग एकीनं मोठ्यानं वाचलं, दुसरीनं ताडून बघितलं, तिसरीनं कळ दाबली. क्लोनझिला लिहायला सुरुवात करण्याआधी दोनदा विचारतं, खरंच करू का? दोन्ही वेळा आम्ही आकडे पुन्हा वाचले. बँकेत पैसे भरताना दोघींनी जायचा आपला नियम आहे ना, तोच इथं लावला.

आमच्या जुन्या यंत्राला दोन तासांच्या आसपास लागले. एक गोष्ट कळली ती अशी, की आकडे बरोबर दिले असतील तर जुन्या डिस्कवरून फक्त वाचलं जातं, तिच्यावर काही लिहिलं जात नाही. मधे वीज गेली तरी नवी अर्धवट राहील, जुनी शाबूत, पुन्हा पहिल्यापासून करता येतं. हे कळल्यावर आमच्या पोटातला गोळा उतरला.

मग कॉम्प्युटर बंद करून वायर भिंतीतून काढली, लोखंडी डब्याला हात लावून अंगातली वीज उतरवली, जुनी डिस्क सोडवली आणि तिच्याच वायरीला नवी लावली. साटाच्या वायरीला वाकडी खाच असते, ती एकाच बाजूनं बसते, जोर लावायचा नाही. पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क जोडलेली ठेवायची नाही. दोघींची ओळख तंतोतंत एकच असते, कॉम्प्युटर गोंधळतो. एका घरात एकाच चेहऱ्याच्या दोन कर्त्या बाया आल्यावर दुसरं काय होणार?

बटण दाबलं. तोच जुना पडदा आला, तेच चित्र, सगळी चिन्हं जागच्या जागी. फक्त या वेळी चहा ठेवायला सवड मिळाली नाही, इतक्यात तो तयार होता.

पण लाल पट्टी तशीच! डिस्क मोठी आणि सी ड्राइव्ह जुन्याच मापाचा. घाबरू नका, हे असंच होतं. क्लोन जुन्या मापाच्या खोल्या बांधतो, उरलेलं अंगण मोकळं राहतं. विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये जाऊन सी ड्राइव्हवर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' म्हटलं की खोली अंगणात वाढवता येते. आमच्याकडं तो पर्याय फिका होता, दाबला जाईना. कारण सी ड्राइव्ह आणि मोकळी जागा यांच्या मधे विंडोजची 'रिकव्हरी' नावाची छोटी खोली होती. ती मोडायची नाही, शेवटी सरकवायची. त्यासाठी 'जीपार्टेड'सारखं फुकट सॉफ्टवेअर मिळतं. ते लेकीनं आयटीआयमधल्या सरांना विचारून दुसऱ्या दिवशी केलं. इथं न येणाऱ्यानं हात घालू नये, हे आम्ही प्रांजळपणे सांगतो. घाईही नव्हती, कॉम्प्युटर तर चालूच होता.

पट्टी निळी झाली. मग आम्ही पुसायला नाही, तपासायला बसलो. प्रिंट निघते का, मराठी अक्षरं नीट उमटतात का, प्रत्येक गटाची हिशोबाची फाईल उघडते का, शेवटची बाकी वहीशी जुळते का. भिजलेल्या वहीच्या वर्षातली आक्कांची ओळही उघडली. मोठ्यानं वाचून दाखवली: कर्ज, हप्ते, तारखा आणि शेवटी 'बाकी निरंक'. आक्का म्हणाल्या, "कागदावर काढा." त्याच दिवशी छापली आणि त्यांनी ती घडी करून पिशवीत ठेवली.

जुन्या डिस्कचं काय केलं? तिच्यावर तारीख लिहिली, कापडात गुंडाळली आणि गटाच्या पेटीत कुलूपबंद ठेवली. महिनाभर नव्यावर काम नीट चाललं, बँकेला तीन वर्षांचे हिशोब गेले, तरी ती अजून पेटीतच आहे. पुढं कधी विकायची वेळ आली तरी नुसतं फॉरमॅट करून द्यायची नाही. फॉरमॅट केलेल्या डिस्कवरूनही माहिती परत काढता येते, आणि तिच्यावर बायांच्या आधारकार्डांचे आणि पासबुकांचे स्कॅन आहेत. तिच्यावर पूर्ण पुसणारं सॉफ्टवेअर चालवावं लागतं, किंवा ती फोडून ई-कचऱ्यात द्यावी लागते.

एक सावधगिरी राहिली. मोठी डिस्क बसवली म्हणून विंडोज नवं होत नाही. विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आहेत. ज्यांच्याकडं तेच आहे त्यांनी पुढच्या सिस्टीमचा विचारही आता करायला हवा. त्यावर आमचंही विचारणं चालू आहे.

मैत्रिणींनो, आपण गटात पंचसूत्री पाळतो: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशोब. पाचवं सूत्र आता वहीतून कॉम्प्युटरात गेलं आहे, पण त्याची राखण आपण अजून कोणा दादावर सोडली आहे. कॉम्प्युटर दुरुस्त करायला माणूस लागेलच, पण आत काय आहे, त्याची प्रत कुठं आहे, कुठलं पुसायचं नाही, हे सांगणारी आपल्यातलीच हवी.

म्हणून पुढच्या बैठकीत हे चार प्रश्न विषयपत्रिकेवर घ्या. आपल्या गटाचे हिशोब कुठल्या कॉम्प्युटरात किंवा मोबाईलात आहेत? त्यात किती जागा उरली आहे? त्यांची दुसरी प्रत कुठं आहे आणि ती शेवटची उघडून कधी बघितली? आणि हे आपल्यातल्या किती जणींना माहीत आहे? जाणकार सांगतात की महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या जागी. आम्ही आता दर महिन्याच्या बैठकीनंतर एक प्रत पेनड्राइव्हवर घेतो. तो पेनड्राइव्ह खोलीत राहत नाही, पाळीपाळीनं एकेकीच्या घरी जातो. आणि वर्षाच्या शेवटी प्रत्येक सभासदाच्या खात्याचं पान छापून तिच्या हातात देतो.

ही शेवटची सूचना आक्कांची. ठराव एकमतानं झाला.